खैरनार काकांचं गॅस्केट

खैरनार काका कुणाला 'कसे आहात' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "पाणी बघितलं का?"

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला जिन्याखाली गाठलं आणि हा प्रश्न टाकला. मला वाटलं, टाकीबद्दल विचारतायत. मी म्हणालो, "हो, येतंय की. चांगलं जोरात येतंय."

"नळाचं नाही हो. गाडीचं. रेडिएटरचं."

मी सांगितलं, माझ्याकडे विजेवर चालणारी स्कूटर आहे, तिला रेडिएटर नसतो. काका दवाखान्यात भेटायला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "असू द्या. घेऊ नका मनाला लावून."

या माणसाबद्दल मी बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. हसत हसत लिहिण्यासारखा माणूस आहे. अडचण एवढीच, की त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर मध्ये मी येतो, आणि मी आलो की माझ्यापुरतं हसू थांबतं. तरी लिहितो.

काका मूळचे देवळ्याकडचे. पाटबंधारे खात्यात आधी जीपवर ड्रायव्हर होते, नंतर खात्याच्याच वर्कशॉपमध्ये गेले. आता बहात्तरीचे आहेत. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा सचिन पुण्याला असतो. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत काका एकटे राहतात आणि बाहेर पार्किंगमध्ये त्यांची जीप राहते. जीप खात्याचीच, काकांनीच वर्षानुवर्षं चालवलेली. खात्यानं ती लिलावात काढली, तेव्हा काकांनी घेतली. चारही चाकांना ताकद जाणारी, रंग फिकट खाकी, दार लावताना दोनदा ओढावं लागतं. काका तिला 'गाडी' म्हणतात. बाकी सगळ्यांच्या गाड्यांना 'डबे' म्हणतात.

इंजिनातलं बाकी काहीही बिघडलं तर काकांना चालतं. क्लच घसरू दे, दिवे जाऊ देत. "त्यानं माणूस अडतो, मरत नाही," असं ते म्हणतात. पण इंजिन तापता कामा नये. म्हणून पाणी, पाण्याचे रबरी पाइप, पट्टा, पंखा, पंप या सगळ्यावर त्यांची रोज सकाळी हजेरी असते. बॉनेट उघडायचं, पाइप दाबून बघायचे, अंगठ्यानं पट्टा खाली रेटायचा. पट्टा अर्धा इंच दबला की समाधानानं मान हलवायची. मग झाकण लावून हात पुसत येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, पाणी बघितलं का.

एकदा एका गॅरेजवाल्यानं गाडीतला थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून धरणारी छोटी झडप. बरेच गॅरेजवाले ती काढून टाकतात, गाडी थंड राहते म्हणतात. काकांना घरी आल्यावर पाण्याचा ताप दाखवणाऱ्या सुईवरून कळलं. ते तसेच उलट्या पावली गेले. एरवी शहरी मराठी बोलणारे काका भडकले की देवळ्याला पोचतात. "हाई काय शे?" ते गॅरेजवाल्यावर ओरडले, "थंडीत तू स्वेटर घालतो ना? मग इंजिनानं काय पाप केलं?" आणि भंगाराच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी आपली झडप शोधून आणली.

दसऱ्याला शेजारच्या इमारतीतले एक गुरुजी गाडीच्या पूजेला आले. त्यांनी त्र्यंबकहून आणलेलं तीर्थ गाडीवर शिंपडलं आणि उरलेलं प्रेमानं रेडिएटरमध्ये ओतायला गेले. काकांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. "गुरुजी, तीर्थ माझ्या डोक्यावर घाला. रेडिएटरमध्ये नको, क्षार असतात." आणि खरंच डोकं पुढे केलं.

सोसायटीनं एकदा नोटीस काढली, की पार्किंगच्या फरशीवर कुणाच्या तरी गाडीतून हिरवे थेंब पडत आहेत. रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं औषध हिरवं असतं. सगळ्यांच्या नजरा जीपकडे गेल्या. काकांनी दुसऱ्या दिवशी खात्याच्या भाषेत लेखी उत्तर दिलं. 'विषय: हिरव्या थेंबाबाबत. उपरोक्त थेंब आमच्या वाहनाचे नसून, आमच्या वाहनाचा थेंब अद्याप पडावयाचा आहे. पडल्यास तात्काळ कळविण्यात येईल.' आणि ते पुरावा ठेवत असत. रोज संध्याकाळी जीपखाली कालचं वर्तमानपत्र अंथरायचं, सकाळी ओढून काढायचं आणि चष्मा लावून बघायचं. बातम्या नव्हे, डाग.

गेल्या वर्षी पाऊस ओसरत आला होता, तेव्हा एका सकाळी सात वाजता आमच्या दाराची बेल वाजली. काका तीन मजले चढून आले होते. हातात वर्तमानपत्राचं पान, त्यावर रुपयाएवढा हिरवा डाग.

"पडला," ते म्हणाले.

इंजिनाच्या तोंडाशी, पंख्याच्या मागे पाण्याचा पंप असतो. रेडिएटरमधलं पाणी इंजिनात फिरवायचं काम त्याचं. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की त्या भोकातून थेंब येतो. म्हणजे पंप सांगतो, की माझे दिवस भरले. हे सगळं मला काकांनी दारातच सांगितलं, कारण मला ऐकायला त्यांनी निवडलं होतं. मी वाहन विम्याच्या कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. त्यामुळे मला गाड्यांतलं कळतं असा काकांचा गैरसमज होता. मला गाड्यांतलं काही कळत नाही. लोक गाडी कशी ठोकली याच्या ज्या गोष्टी लिहून देतात, त्यातली खोटी कुठली, एवढंच मला कळतं.

नवा पंप आला आणि काकांनी काम काढलं. मी सुट्टीवर होतो, मदतीला उभा राहिलो. मदत म्हणजे ते मागतील तो पाना द्यायचा आणि ते सांगतील ते ऐकायचं. गॅरेजवाला अर्ध्या दिवसात उरकतो ते काम काकांनी तीन दिवस केलं. पहिल्या दिवशी पाणी काढलं, पट्टा काढला, पंखा काढला. पंपाचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. काकांनी एका पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढलं आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवला. दुसरा दिवस फक्त खरवडण्यात गेला. पंप आणि इंजिन यांच्या मध्ये कागदासारखी पातळ पट्टी असते, गॅस्केट. जुनं गॅस्केट लोखंडाला चिकटून बसलेलं असतं. त्याचा एवढासा कण राहिला तरी नवं नीट बसत नाही आणि पाणी झिरपतं.

"झालं की काका," मी दर दहा मिनिटांनी म्हणायचो.

"नाही झालं. बोट फिरवा. लागतंय ना? लय घाई तुम्हाला साहेब."

तेव्हा ते मला 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवं गॅस्केट बसवलं, पंप लावला आणि बोल्ट आवळायला घेतले. एक इकडचा, मग समोरचा, पुन्हा इकडचा. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, की काकांचा उजवा हात थरथरतो. बोल्टपर्यंत जाताना थरथरायचा. पाना बोल्टला लागला, की एकदम शांत व्हायचा. मी पाहतोय हे त्यांना कळलं.

"गेल्या दिवाळीत सचिननं पण पाहिलं," ते हात न थांबवता म्हणाले. "चहा देताना बशी वाजली. झालं, तेव्हापासून मागे लागलाय. बाबा, एकटे राहू नका, गाडी विका, पुण्याला चला. पोरगा चांगलाय हो. पण त्याच्याकडे अकराव्या मजल्यावर मी काय करू? मी त्याला शब्द दिलाय. म्हटलं, ज्या दिवशी या हाताकडून काम चुकेल, त्या दिवशी मी आपणहून बॅग भरीन. तोपर्यंत विषय काढायचा नाही."

मग त्यांनी पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि आतली हवा बुडबुडे होऊन निघून जाईपर्यंत रेडिएटरच्या तोंडात बघत उभे राहिले. पंप कोरडा होता. एक थेंब नाही. काकांनी मला खिशातून काढून लिमलेटची गोळी दिली.

काकांनी सचिनला दिलेला शब्द मला माहीत होता, हे लक्षात ठेवा. पुढे जे मी केलं ते माहीत असून केलं.

त्याच आठवड्यात माझा मेहुणा नितीन पुण्याहून आला. त्यानं त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे डोंगरात थोडी जमीन पाहून ठेवली होती. रस्ता वाईट होता, त्याची गाडी खालून लागत होती. मी जेवताना सहज बोलून गेलो, "आपल्याकडे जीप आहे की." स्मितानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

काका गाडी कुणाला देत नाहीत. मला दिली. म्हणाले, "तुम्ही पंपाला हात लावलाय, तुमचा हक्क आहे." मग गाडीत बसवून मला सुई दाखवली. पाण्याचा ताप दाखवणारी. "दर पाच मिनिटांनी इकडे बघायचं. ही इथं असली की बरं. इथं आली की लगेच थांबायचं, इंजिन बंद, अर्धा तास सावलीत बसायचं. झाकण उघडायचं नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधी ओतायचं नाही. कधीच नाही. म्हणा."

मी शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

रविवारी सकाळी निघालो. त्र्यंबक मागे पडलं, डांबरी रस्ता सुटला, कच्ची वाट लागली आणि मला झिंग चढली. नितीन मोबाइलवर चित्रण करत होता. "दाजी, भारी!" असं मध्येमध्ये म्हणत होता. आयुष्यात मला कुणी भारी म्हटलं नव्हतं. पुढे एक ओहोळ आला. वाट सरळ त्यातून गेली होती. मी वाट सोडली आणि बाजूच्या गवतातून, दगडधोंड्यांवरून गाडी चढवली. गरज काही नव्हती. चित्रण चालू होतं, एवढंच कारण. खालून ठण्णकन आवाज आला.

"काय लागलं?" नितीन म्हणाला.

"या गाड्यांना काही होत नाही," मी म्हणालो.

रेडिएटरच्या तळाशी पाणी काढायची तोटी असते. तिला दगड लागला होता आणि पाणी गळत होतं, हे नंतर कळलं. पण सुई त्याच्या आधी सांगत होती. मी पाहिली नाही. नितीननं पाहिली. "दाजी, ही सुई वर चाललीय बघा." मी म्हणालो, जुन्या गाड्यांच्या सुया अशाच असतात. जमीन दोन वळणांवर राहिली होती, आणि चढ चढताना थांबलो तर चित्रणात बरं दिसणार नव्हतं. पंधरा मिनिटं आणखी चालवली. मग बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी आपोआप बंद पडली.

त्यानंतर मी काय करायचं ते मला पाठ होतं. सावलीत बसायचं. पण नितीन घाबरला होता, मी त्याच्यासमोर आणखी घाबरलो होतो. फडक्यानं झाकण उघडलं, हात भाजता भाजता वाचला. बाटली भरून ओहोळाचं गार पाणी आणलं आणि ओतलं. आतून 'टक्' असा आवाज आला. मोठा नव्हता. तो ऐकल्यावर काहीतरी कायमचं गेलं हे माझ्यासारख्यालाही कळलं.

ट्रॅक्टरनं ओढत गाडी त्र्यंबकच्या अलीकडे एका गॅरेजवर आणली. मेकॅनिक खाली वाकला आणि म्हणाला, "साहेब, तोटीला दगड बसलाय. पाणी सगळं गेलं. वर हेडला, इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा गेला असणार. नवी तोटी टाकतो, बाकी नाशिकला बघा."

मी म्हणालो, "नवी नको. जुनी एखादी आहे का? वापरलेली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नितीननंही पाहिलं. मेकॅनिकनं डब्यातून एक गंजकी तोटी शोधून बसवली. रोज दुसऱ्यांच्या खोट्या गोष्टी पकडणारा माणूस मी, त्या दिवशी पुरावा कसा मिटवायचा ते मला शिकवावं लागलं नाही.

संध्याकाळी टो करून गाडी सोसायटीत आली. काका फाटकाशी उभे होते. मी फोनवर फक्त 'बंद पडली' एवढंच सांगितलं होतं.

"माणसं ठीक?" त्यांनी आधी विचारलं. मग, "सुई कधी चढली?"

"एकदम," मी म्हणालो. "बघतच होतो मी. एकदम चढली."

काकांनी बॉनेट उघडलं. वाफेनं आणि पंख्यानं हिरवं पाणी सगळीकडे उडालं होतं. पंपही ओला होता. काकांनी पंपाखाली बोट फिरवलं, ते डोळ्यांजवळ नेलं. बोट थरथरत होतं.

"गॅस्केट," ते हळूच म्हणाले. "माझंच तिरकं बसलं असणार."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. नितीन माझ्या शेजारी उभा होता. तोही माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "असू द्या काका, होतं असं."

मी त्यांना धीर दिला!

ते म्हणाले, "आम्ही माणसं परत आणायला गाडी ठेवतो. तुम्हाला काही झालं असतं तर?" आणि माझ्या खांद्याला हात लावून आत गेले.

आयुष्यभर प्रत्येक गोष्ट उघडून बघणारा तो माणूस. त्यांनी पंप उघडून बघितला नाही. दोन दिवसांनी मीच भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "काय बघायचंय? कळलं मला." जीपवर ताडपत्री घातली. खाली वर्तमानपत्र अंथरणं थांबलं. जिन्यात भेटले तर नुसती मान हलवायचे, पाण्याचं विचारायचे नाहीत. आठवड्यानं सचिनला फोन करून सांगितलं, की शब्दाप्रमाणे येतो.

मी रोज संध्याकाळी सहा वाजता त्यांच्याकडे जायला लागलो. आज सांगू, म्हणून जायचो. बसायचो, आणि सांगायचो नाही. पहिल्या दिवशी काकांनी विचारलं, "काही काम होतं?" मी म्हणालो, "नाही, असंच." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कप मांडून ठेवले होते. मला चहापेक्षा कॉफी आवडते हे त्यांना बोलता बोलता कळलं, तर तिसऱ्या दिवशी कॉफीची पुडी आणली. त्यांना कॉफी करता यायची नाही. काढ्यासारखी व्हायची. मी दोन कप प्यायचो. दुसरं काही करण्याची हिंमत नव्हती, निदान ते करत होतो.

ते कालव्यांच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या साहेबाला कुठे गाडी लागायची, कुठल्या साहेबानं धरणावर पोहायला शिकायचा प्रयत्न केला. मला हसू यायचं, आणि हसताना आठवायचं. कधीतरी त्यांचं 'साहेब' गेलं आणि 'सुहास' आलं. 'तुम्ही' गेलं, 'तू' आलं. वॉचमनला ते सांगायचे, "सहाला आमचा सुहास येतो, तेव्हा कुणाला आत सोडू नको." कहर म्हणजे, सोसायटीच्या मोबाइलवरच्या गटात कुणीतरी लिहिलं, की आजच्या काळात शेजारच्या म्हाताऱ्या माणसासाठी कोण एवढा वेळ काढतं, सुहासरावांकडून शिकावं. खाली बारा नमस्कार. मी फोन उलटा ठेवला. स्मिता म्हणाली, "चेहरा असा का झाला तुझा? चांगलंच लिहिलंय की."

तीन आठवडे गेले. शनिवारी सचिन येणार होता. जीप बघायला एक भंगारवाला येऊन गेला होता. गुरुवारी सहा वाजता गेलो, तर काकांनी हत्यारांची लोखंडी पेटी बाहेर काढून पुसून ठेवली होती. सगळे पाने मापाप्रमाणे लावलेले.

"ही तुला," ते म्हणाले. "सचिनला यातलं कळत नाही. तुला घाई आहे, पण हात चांगलाय. खरवडताना पाहिलंय मी."

मग मी बोललो. उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. ओहोळ, दगड, सुई, गार पाणी, जुनी तोटी. सगळं सांगितलं. मोबाइलवर चित्रण चालू होतं हेही सांगितलं.

काका ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. मला वाटलं, मारतायत. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"थांब. दगड लागल्यापासून सुई चढेपर्यंत किती वेळ गेला?"

"दहा मिनिटं असतील."

"आणि त्याआधी? सुई कुठे होती? नीट आठव."

"मध्यावर. त्र्यंबकपासून मध्यावरच होती."

"ओहोळापर्यंत?"

"ओहोळापर्यंत."

काका खुर्चीवर बसले. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे माझं गॅस्केट बरोबर होतं," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. तोंडभर हसले. उठले, चष्मा शोधला, फोन शोधला आणि माझ्यासमोरच सचिनला लावला.

"सचिन? ऐक. गॅस्केट माझं बरोबर होतं... अरे पंपाचं! माझ्या हातून नाही झालं ते... झालं एकाकडून. कुणी का असेना, तुला काय करायचंय? चूक होते माणसाची. शनिवारी तू ये, पण टेम्पो आणू नको. जेवायला ये."

फोन ठेवला, तरी ते हसत होते. मी म्हणालो, "काका, हेडचं सगळं काम मी करून देतो. मला माफ करा." ते म्हणाले, "होईल ते. लोखंड आहे, जुळतं." आणि कॉफी करायला आत वळले.

वळता वळता थांबले. दाराच्या चौकटीला हात लावला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"म्हणजे तुम्ही रोज येत होता, ते त्यासाठी होय?"

नाही म्हणालो असतो तर खोटं होतं. हो म्हणालो असतो तर तेही पूर्ण खरं नव्हतं, निदान शेवटच्या दहाबारा दिवसांपुरतं तरी नव्हतं. पण माझ्या तोंडून आलेलं काहीही त्यांनी त्या दिवशी का खरं मानावं?

"बरं," ते म्हणाले. "या मग."

आजवर मी जे जे केलं, त्यात लाज वाटावी असं पुष्कळ आहे. पण जुन्या तोटीपेक्षा, गार पाण्यापेक्षा मला त्या प्रश्नाची लाज जास्त वाटली. इंजिन मी एका दिवशी फोडलं होतं. हे मी रोज सहा वाजता, तीन आठवडे करत होतो.

पुढच्या आठवड्यात काकांचे वर्कशॉपमधले एक जुने सोबती सिन्नरहून आले. दोघांनी मिळून हेड उतरवलं. मी वरून, गॅलरीतून बघत होतो. काकांनी पंपही उघडला. गॅस्केट सोडवून उन्हात धरलं, उलटसुलट करून बघितलं आणि सोबत्याला दाखवलं. दोघं मनापासून हसले. वर त्यांनी पाहिलं नाही. मी खाली गेलो नाही. हेड कुठे तरी दुरुस्त होऊन आलं, गाडी सुरू झाल्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मला कुणी बोलावलं नाही आणि बोलवावं असं मला वाटायलाही नको होतं.

स्मिताला मी तोपर्यंत सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्या संध्याकाळी म्हणाली, "सहा वाजले."

"आता कशाला जाऊ?" मी म्हणालो. "सांगायचं ते सांगून झालं. आता जायला कारण काय?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हेच तर त्यांनी विचारलं होतं ना तुला?"

मी खाली गेलो. काकांचं दार लोटलेलं होतं. बेल वाजवली. बऱ्याच वेळानं काका आले. दार अर्धंच उघडलं.

"काय काम होतं?"

"काम काही नाही."

"गाडीचं काही?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. बसायला आलो."

आत रेडिओ चालू होता, बातम्या लागल्या होत्या. एक बातमी संपून दुसरी सुरू झाली तरी काका तसेच उभे होते. मीही. परत जावं असं मला दोनदा वाटलं.

मग त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि माझ्या पायांकडे बघून वैतागल्यासारखे म्हणाले,

"चप्पल आत काढ. बाहेर ठेवली की कुत्रं नेतं."